पाऊस, मासळी आणि महारोग : बर्गनच्या वहीतील काही पाने

साताऱ्यात १८६३ ते १८७२ अशी नऊ वर्षे सिव्हिल सर्जन म्हणून काढलेला एक इंग्रज डॉक्टर लांब रजेवर युरोपात गेला आणि त्या रजेत नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन तिथली महारोग्यांची रुग्णालये पाहत हिंडला. त्याचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्याच्या हातची. ग्रंथ निघाला त्याच वर्षी तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला आणि तिथून साताऱ्यास गेला. पायाच्या मदुरा रोगावरचे त्याचे काम डॉक्टर मंडळींना माहीत असते. नॉर्वेची गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. मलाही नव्हती.

मी सातारचा. पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून तीस वर्षे वह्या लिहिल्या, तपासल्या. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. जे काही आले ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत उभ्या उभ्या आले. कार्टरचा १८७४ चा अहवाल ‘नॉर्वेतील महारोग आणि महारोगी आश्रम, भारताच्या संदर्भासह’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचा आहे. ते नाव वाचले तेव्हा पहिला प्रश्न साधाच पडला : महारोगाचा देश म्हणून साऱ्या जगाने आपल्याकडे बोट दाखवायचे, तर साताऱ्याच्या डॉक्टराला नॉर्वेला कशाला जावे लागले? आज ज्या देशाचे नाव काढले की बर्फ, समृद्धी आणि निरोगी माणसे डोळ्यांपुढे येतात, तिथे महारोग? या प्रश्नामागे पाच-सहा वर्षे गेली. शेवटी भाची तिथल्या विद्यापीठात संशोधनासाठी गेली आणि दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर महिन्यात, मी बर्गनला जाऊन पोचलो.

“मामा, छत्री आणू नकोस, रेनकोट आण,” असे तिने आधीच बजावले होते. मी छत्री नेली. बंदरावरच्या वाऱ्याने पहिल्याच संध्याकाळी तिच्या काड्या उलट्या केल्या.

बर्गनचा पाऊस आपल्याला समजतो आणि समजतही नाही. समजतो तो कारणापुरता. अटलांटिकवरून बाष्पाने भरलेले पश्चिमेचे वारे येतात, समोर डोंगर आडवे उभे असतात, वारे वर चढतात, थंड होतात आणि पाणी टाकतात. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर घडते तेच. पण महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो दोनशेहून जास्त दिवसांवर पसरून. २००६ च्या ऑक्टोबरअखेरपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस झाला, आणि लोक ही गोष्ट तक्रारीच्या सुरात न सांगता गावची एखादी कर्तबगारी असल्यासारखी सांगतात. आपला पाऊस येतो आणि जातो. त्यांचा पाऊस घरात राहायला असतो.

गावाभोवती सात डोंगर आहेत असे मानतात. त्यांतला सर्वांत उंच उलरिकन ६४३ मीटरचा, म्हणजे आमच्या अजिंक्यताऱ्यावरून खाली गावाकडे पाहण्याची सवय असलेल्या माणसाला उंचीचे अप्रूप वाटू नये. पण इथे डोंगराच्या पायाशी थेट समुद्र आहे. फ्लोयन नावाच्या डोंगरावर १९१८ पासून दोरीने ओढली जाणारी रेल्वे चढते. वर गेलो तेव्हा ढग होता. काही दिसले नाही. पंधरा मिनिटांनी ढग बाजूला झाला आणि खाली लाल कौलांचे गाव, मधोमध जीभ काढल्यासारखी आत शिरलेली खाडी आणि तिच्या काठाने लाकडी घरांची एक तिरकी रांग दिसली. त्या रांगेला ब्रिग्गन म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता धक्का.

या धक्क्यावर बर्गन उभे राहिले ते मासळीच्या जोरावर, म्हणून मासळीची थोडी हकिगत सांगायला हवी. उत्तरेकडे लोफोटन बेटांपाशी हिवाळ्यात कॉड मासा अंडी घालायला येतो. तो पकडून, डोके उडवून, जोडीजोडीने शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगायचा. मीठ लावायचे नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंतची हवा अशी की मासा गोठून बसत नाही आणि माश्या व्हाव्यात इतकी ऊबही नसते. तो लाकडासारखा कडक वाळतो, पाच किलोचा एक किलोवर येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. ज्यांनी कोकणात बोंबील वाळताना पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. फरक एवढाच की आपला बोंबील उन्हाने वाळतो आणि त्यांचा कॉड थंड वाऱ्याने.

ही सुकी मासळी बर्गनला यायची आणि तिथून सगळ्या युरोपात जायची. ख्रिस्ती उपवासांच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासा चालतो. त्यामुळे गिऱ्हाईक कायमचे. १३६० च्या सुमारास उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या संघाने, म्हणजे हान्झाने, ब्रिग्गनवर आपली पेढी थाटली. पेढीचा कारभार १७५४ पर्यंत चालला. मोबदल्यात जर्मन व्यापारी आणायचे धान्य. नॉर्वेचा पश्चिम किनारा म्हणजे खडक, तिथे पिकणार काय? मासळी द्यायची आणि धान्य घ्यायचे, तेही पुष्कळदा उधारीवर. उत्तरेचा कोळी बर्गनच्या व्यापाऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्या देणेकरी असे. हिशेबनीस या नात्याने मला ही बाब त्या रांगेच्या सौंदर्याहून जास्त बोलकी वाटली. जागतिक वारसा म्हणून १९७९ मध्ये नोंदली गेलेली ती घरे १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आहेत. आगीच्या धास्तीने त्यांत चूल पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या वेगळ्या इमारतींत. म्हणजे एवढ्या थंडीत, एवढ्या पावसात ही नोकरमंडळी विनाआगीच्या लाकडी खोल्यांत झोपत होती.

आता मूळ विषयाकडे येतो.

ब्रिग्गनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, रेल्वे स्टेशनच्या बाजूला, सेंट यॉर्गन रुग्णालय आहे. महारोग्यांसाठीच ते स्थापन झाले आणि पंधराव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या नोंदी सापडतात. आज तिथे संग्रहालय आहे. मधे एक उंच दालन, दोन्ही बाजूंना दोन मजल्यांवर खोल्या. खोली म्हणजे किती? दोन बिछाने आणि त्यांच्यामधे एक माणूस उभा राहील एवढी फट. शेजारी स्वयंपाकघर, बरीच शतके रुग्ण आपापले शिजवून खात. लागूनच चर्च. आत आलेला माणूस सहसा जिवंत बाहेर जात नसे. रुग्णालयाचा धर्मोपदेशक वेलहावेन याने १८१६ मध्ये इथली स्थिती लिहून छापली, तेव्हा पहिल्यांदा बाहेरच्या जगाला या भिंतींच्या आत काय चालले आहे ते कळले. पेडर फाइडी नावाच्या एका रुग्णाने १८३५ मध्ये इथल्या आयुष्यावर एक दीर्घ विलापगीत रचले. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णाचा स्वतःचा आवाज क्वचितच सापडतो, म्हणून त्याचे मोल.

नॉर्वेजियन भाषेत महारोग्यासाठी जुना शब्द आहे ‘स्पेडाल्स्क’. त्याचे मूळ ‘हॉस्पिटल’ या शब्दात आहे. आपल्याकडे रोगाला ‘महा’ म्हणून मोठे केले, नाहीतर ‘रक्तपिती’ म्हणून रक्ताशी जोडले. त्यांनी रोग्याला जिथे टाकायचे त्या जागेचेच नाव रोग्याला दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्गनमध्ये एक नव्हे, तीन महारोगी रुग्णालये होती : सेंट यॉर्गन, १८४९ मध्ये उघडलेले लुंगेगार्ड आणि १८५७ चे प्लाइएस्टिफ्टेल्सेन. युरोपात इतके महारोगी एका गावात दुसरीकडे कुठेच नव्हते. कारण काय? इथे पावसाकडे आणि मासळीकडे परत यावे लागते, कारण त्या काळी दोघांवरही आरोप होता. लोक म्हणत, सततची ओल अंगात मुरते. लोक म्हणत, अर्धवट कुजलेली मासळी खाल्ल्याने रक्त नासते. डॉक्टरही याहून फार वेगळे बोलत नव्हते. किनाऱ्यालगतच्या गरीब कुटुंबांत रोग जास्त, आणि तीच माणसे ओलीत राहतात, तीच मासळी खातात. दोन आणि दोन चार करायला वेळ लागत नाही. मासळीचा हा सिद्धान्त तर अतिशय चिवट निघाला. जोनाथन हचिन्सन हा लंडनचा मोठा सर्जन. रोगजंतू सापडून तीस वर्षे झाल्यावरही तो मासळीचेच कारण धरून बसला, त्यासाठी हिंदुस्थानात येऊन गेला आणि १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. किनाऱ्यावरच्या गरिबाच्या ताटात काय आहे ते पाहून त्याच्या दुखण्याचे निदान करण्याची ही खोड आपल्याकडच्या शहाण्यांनाही अपरिचित नाही.

बर्गनच्या डॉक्टरांत डॅनियल डॅनिएलसेन हे मोठे नाव. त्याने कार्ल विल्हेल्म बोक याच्याबरोबर १८४७ मध्ये महारोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सोबत रुग्णांच्या चित्रांचा संच. तो मी तिथे काचेआड पाहिला आणि कार्टर या माणसाला बर्गनचे आकर्षण का वाटले असेल ते लक्षात आले. चित्रकाराने रोग्याचा चेहरा रोग दाखवण्यापुरता वापरलेला नाही. डोळे माणसाचे आहेत. महारोगाचा आधुनिक अभ्यास या ग्रंथापासून सुरू होतो असे मानतात. त्याचा निष्कर्ष मात्र चुकला होता. रोग आनुवंशिक आहे, असे त्यांनी ठरवले. संसर्गाचा प्रश्न निकालात काढण्यासाठी डॅनिएलसेनने रोग्यांच्या गाठींतला द्रव स्वतःच्या अंगात टोचून घेतला, एकदा नव्हे, अनेकदा. त्याला काही झाले नाही. आता आपल्याला कळते की बहुतेकांचे शरीर या जंतूला दाद देत नाही आणि रोग उमटायला वर्षे लागतात. पण त्या वेळी हा पुरावा बिनतोड वाटला. चुकीच्या निष्कर्षासाठी इतके धाडस खर्च झालेले दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मग १८५६ साली एक अगदी कोरडी, कारकुनी गोष्ट घडली. सरकारने देशातल्या सर्व महारोग्यांची नोंदवही सुरू केली. एका विशिष्ट रोगाच्या रुग्णांची अशी राष्ट्रीय नोंद जगात पहिलीच. जिल्ह्याजिल्ह्याच्या डॉक्टराने गावोगाव जायचे, नाव लिहायचे, जन्मगाव, रोग कधी दिसला, घरात आणखी कोणाला आहे का, रुग्णालयात गेला का, मेला का, देश सोडून गेला का. पहिल्या मोजणीत २,८०० हून जास्त माणसे निघाली. पुढच्या शंभर वर्षांत या वहीत आठ हजारांवर नावे चढली. युनेस्कोने २००१ मध्ये बर्गनची ही कागदपत्रे जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवली.

भाचीने मला त्या नोंदी वाचून दाखवल्या. मला नॉर्वेजियन येत नाही, पण रकाने कळायला भाषा लागत नाही. एका ओळीच्या शेवटी ‘अमेरिका’ एवढाच शब्द होता. त्या काळी नॉर्वेची माणसे लाखांनी अमेरिकेला गेली, त्यांत रोगीही होते. हा शब्द पुढे फार कामी आला.

गेऱ्हार्ड आर्मावर हॅन्सन हा बर्गनचाच मुलगा. लोफोटनच्या मासेमारीच्या हंगामात कोळ्यांचा डॉक्टर म्हणून थोडे काम करून तो १८६८ मध्ये बर्गनच्या महारोगी रुग्णालयांत रुजू झाला. वरिष्ठ अर्थातच डॅनिएलसेन. हॅन्सनने जिल्ह्यांत फिरून आणि वहीतले आकडे मांडून पाहिले, तेव्हा त्याला आनुवंशिकतेचा हिशेब जुळेना. रक्ताचे नाते नसलेल्या, पण एका छपराखाली राहिलेल्या माणसांत रोग दिसत होता. ज्या भागांतून रोगी जास्त प्रमाणात रुग्णालयात गेले, तिथे नवे रोगी झपाट्याने कमी होत होते. १८७३ च्या फेब्रुवारीअखेर, एका रुग्णाच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, त्याला काडीसारखे बारीक जंतू दिसले. माणसाच्या जुनाट रोगाशी असा जंतू जोडला जाण्याची ही पहिलीच वेळ. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवायला अजून नऊ वर्षे होती. याच वर्षी जानेवारीत त्याने डॅनिएलसेनच्या मुलीशी लग्न केले होते. सासऱ्याचा सिद्धान्त जावयाने खोडला. दोघांत त्यामुळे वितुष्ट आले नाही, हे त्या दोघांच्याही थोरवीचे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती मुलगी क्षयाने गेली.

१८८८ च्या सुमारास हॅन्सन अमेरिकेत गेला आणि वहीतल्या त्या ‘अमेरिका’ शब्दाचा पाठपुरावा केला. नॉर्वेहून गेलेल्या महारोग्यांची मुले-नातवंडे त्याने शोधली, तपासली. त्यांच्यात महारोग नव्हता. रक्त तेच होते. घर, खोल्या, जगण्याची तऱ्हा बदलली होती. आनुवंशिकतेच्या मताला याहून मोठा धक्का दुसऱ्या कशाने बसला नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे आणि बहुतेक पुस्तकांत इथेच थांबते. पण त्याच काळातली आणखी एक नोंद आहे, ती वगळून हा लेख लिहिला तर तो वहीचे एक पान फाडल्यासारखा होईल.

जंतू दिसला, पण तो रोग निर्माण करतो हे सिद्ध होईना. प्राण्यांना टोचून रोग होत नव्हता, प्रयोगशाळेत वाढत नव्हता. (आजही हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नाही.) अशात १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर बर्गनला आला, हॅन्सनकडून नमुने घेऊन गेला, त्यांना रंग देऊन जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधाचे श्रेय स्वतःकडे ओढू लागला. हॅन्सनला घाई झाली असावी. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला त्याने कारी निल्सदाटर या तेहतीस वर्षांच्या रुग्ण बाईच्या डोळ्याच्या पडद्याला, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतल्या द्रवात बुडवलेले शस्त्र टोचले. तिला रोगाचा एक प्रकार होता. दुसरा प्रकार तिच्यात उतरतो का, हे त्याला पाहायचे होते. तिला विचारले नाही. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, हे त्याला ठाऊक होते आणि ते त्याने पुढे मान्यही केले.

कारीने तक्रार केली. रुग्णालयाच्या धर्मोपदेशकामार्फत ती वर गेली, खटला उभा राहिला आणि १८८० च्या मे महिन्यात बर्गनच्या न्यायालयाने हॅन्सनला दोषी ठरवून रुग्णालयातील पदावरून दूर केले. देशाचा मुख्य महारोग अधिकारी हे पद मात्र त्याच्याकडे राहिले आणि १९१२ मध्ये मरेपर्यंत तो तेच काम करत होता. त्याच्या नावाने रोगाला नाव मिळाले. बर्गनमध्ये त्याचा पुतळा आहे. कारीचा नाही.

मी या खटल्यावर बराच थांबलो. तिची स्थिती काय होती? गरीब, शिक्षण नाही, तरुणपणापासून रुग्णालयात, सरकारी अन्नावर. समोर युरोपभर नाव झालेला डॉक्टर. आणि वर्ष १८८०. अशा बाईच्या ‘मला विचारले नाही’ या एका वाक्यावर न्यायालयाने त्या डॉक्टराची जागा काढून घेतली. हॅन्सनचे समर्थक म्हणतात, तिला इजा झाली नाही आणि हेतू शुद्ध होता. इजा झाली नाही हे खरे धरले, तरी शस्त्र डोळ्यात जाताना ते तिला ठाऊक नव्हते. मला विचाराल तर न्यायालयाचे बरोबर होते, आणि अर्धेच बरोबर होते, कारण ज्या अधिकाराच्या जोरावर त्याने हे केले त्यातला मोठा वाटा त्याच्याकडेच ठेवला. पुढे १८८५ च्या कायद्याने रोग्याने घरी वेगळ्या खोलीत राहावे, नाहीतर रुग्णालयात जावे, असे बंधन आले. त्या कायद्यामागे हॅन्सन होता.

शतक संपताना नॉर्वेतले महारोगी काही शेकड्यांवर आले. ही घट कशाने झाली यावर अभ्यासक अजून वाद घालतात : विलगीकरण, स्थलांतर, की सुधारलेली घरे आणि पोटभर अन्न? सेंट यॉर्गनमधले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. तोवर या रोगावर परिणामकारक औषध जगात नुकतेच येऊ लागले होते. म्हणजे नॉर्वेतून महारोग गेला तो औषधाविना गेला. आणि या सगळ्या काळात पाऊस तेवढाच पडत होता, मासळी तेवढीच खाल्ली जात होती.

आता कार्टर. तो बर्गनला होता तो काळ हा असा : हॅन्सनचा जंतू नुकता दिसलेला, डॅनिएलसेनचे मत अजून गादीवर, वही सतरा-अठरा वर्षांची. हिंदुस्थान सरकारपुढे तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा १८६७ चा अहवाल होता. महारोग संसर्गजन्य नाही, रोग्यांना कोंडण्याचे कारण नाही, असे तो सांगत होता. सरकारला हे मत सोयीचे होते; जे संसर्गजन्य नाही त्यावर पैसा खर्च करावा लागत नाही. कार्टर नेमका उलट बाजूला उभा राहिला. नॉर्वेसारखे आश्रम हिंदुस्थानात उभारा, रोग्यांना वेगळे ठेवा, असा त्याचा आग्रह. रजेवरून परतल्यावर १८७५ मध्ये तो काठेवाडात महारोगाच्या पाहणीवर गेला. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला, १८८८ मध्ये निवृत्त झाला आणि १८९७ मध्ये इंग्लंडात वारला.

नॉर्वेहून आपल्याकडे काय आले, याचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. भिंत आली. १८९७ च्या बर्लिन परिषदेने नॉर्वेची पद्धत साऱ्या जगाला आदर्श म्हणून दाखवली आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात कायदा झाला. तो मुख्यतः भटक्या, निर्धन महारोग्यांना उचलून आश्रमात ठेवण्यासाठी. ज्याला घर आहे त्याला हात लागत नव्हता. वही मात्र आली नाही. जनगणनेत महारोग्यांची डोकी मोजली गेली, पण एकेका माणसाचे नाव, गाव, घर लिहून त्याच्या मागे वर्षानुवर्षे जाणारी नोंद कुठे झाली नाही. एवढ्या मोठ्या देशात ती शक्य होती का, हा आक्षेप मला मान्य आहे. पण खुद्द नॉर्वेत भिंतीचा उपयोग किती झाला हे सिद्ध करायलाही शेवटी वहीच लागली होती. आणि कारी निल्सदाटरला मिळाले तसे न्यायालय? तो रकाना तर आपल्याकडे आखलाच गेला नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी भाचीने मला एका लहान खाणावळीत नेले. तिथला खास पदार्थ ‘पर्सेटोर्स्क’ : ताजा कॉड मीठ-साखरेत मुरवून, वजनाखाली दाबून पाणी काढलेला, मग शिजवलेला, बरोबर बटाटे आणि वाटाण्याचा लगदा. तिखट नाही, मसाला नाही. पहिला घास मला अळणी वाटला, तिसऱ्या घासाला चव कळली. दाबल्यामुळे मासा पाकळ्यांसारखा सुटतो. बाहेर पाऊस होताच. शेजारच्या टेबलावर पर्यटकांचा एक घोळका मासळीच्या रश्शाचे फोटो काढत होता. दीडशे वर्षांपूर्वी याच वाडग्याकडे पाहून शहाणी माणसे माना हलवत असतील, असे मी भाचीला म्हणालो. ती म्हणाली, “मामा, जेव आता.”

परत आल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती खरे तर आधीच लक्षात यायला हवी होती. मुंबईचा महारोगी आश्रम १८९० मध्ये माटुंग्याला उभा राहिला, तो तेव्हाचे पालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने. वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. कार्टर ज्याचा आग्रह धरून गेला, ते त्याच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुंबईत झाले. आणि हेच ॲक्वर्थ १८९१ मध्ये शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ या संग्रहाचे संपादक. म्हणजे एका हाताने ते गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडचे अफझलखानवधाचे, सिंहगडाचे कवन मिळवत होते आणि दुसऱ्या हाताने मुंबईच्या रस्त्यांवरचे महारोगी उचलून माटुंग्याच्या आवारात नेत होते.

ते पोवाड्यांचे पुस्तक माझ्याकडे पंचवीस वर्षांपासून आहे. पुण्यात रस्त्यावर घेतलेले, पाठ सुटलेले, कागद पिवळा. बर्गनहून आल्यावर ते कपाटातून काढले आणि त्या पानांत शाहिरांची नावे किती ठिकाणी दिली आहेत ते पेन्सिलीने मोजायला बसलो. माटुंग्याच्या आवारात त्या पहिल्या वर्षी आणलेल्या माणसांची नावे अशीच कुठे लिहिलेली मिळतात का, हे आता पाहायचे आहे.